पाचवीच्या मुलांकडून समुद्रातल्या प्लास्टिकवर काहीतरी सर्जनशील लिहून घ्यायचंय, मी पुण्यात शिकवते, काय उपक्रम घेऊ?

ताई, आधी एक करा, 'मी समुद्र बोलतोय' हा विषय देऊ नका. 'मी प्लास्टिकची पिशवी बोलतेय' तर मुळीच नको. सगळ्या वह्यांत तोच समुद्र रडणार आणि शेवटच्या ओळीत सगळी मुलं शपथ घेणार.

माझं माहेर अर्नाळ्याचं. भावाची डोलीची मासेमारी आहे, म्हणजे खुंटांना बांधलेलं पिशवीसारखं मोठं जाळं, भरती-ओहोटीच्या ओढीत तोंड उघडं ठेवून लावायचं, पाणी जे आणेल ते आत. बोंबील, मांदेली, जवळा येतो आणि त्याच्याबरोबर वेफर्सची पाकिटं, चपला, दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे. वहिनी ते सगळं निवडत बसते, शाळा सुटली की भाचा पण तिच्या शेजारी. तर त्याच्या शाळेत पर्यावरणावर निबंध स्पर्धा झाली आणि पोराने घरचंच लिहिलं, की गुटख्याच्या पुड्या मांदेलीसारख्याच चमकतात म्हणून आईचा हात चुकतो. (गुटखा महाराष्ट्रात २०१२ पासून बंद आहे, पुड्यांना कळवायचं राहिलं असेल.) पुढे लिहिलं, पप्पांचं एक जाळं तुटून गेलं ते खाली अजून मासे धरत असेल का, आणि धरले तर ते कोण खातं? मला विचाराल तर या एका प्रश्नात अख्खी गोष्ट आहे. परीक्षक सरांचं म्हणणं, निबंधात व्यसनाचा उल्लेख नको, मासळीचा वास नको, समुद्राची भव्यता कुठेच दिसत नाही. बक्षीस 'वाचवा मला वाचवा' म्हणणाऱ्या समुद्राला. मी शाळेत जाऊन भांडले. सर म्हणाले, मॅडम, ही यादी झाली, साहित्य नव्हे. अहो, यादी तर यादी, खरी तर आहे!

तुमच्या वर्गाचं म्हणाल तर पुण्यातल्या मुलांना समुद्र कशाला हवा, मुठेपासून सुरू करा. मुठेतलं पाकीट आमच्याकडे येतच नाही, ते भीमेतून कृष्णेत आणि तिथून बंगालच्या उपसागराकडे निघतं, उजनीत अडकलं नाही तर. भिडे पुलाखालून निघालेल्या एका पाकिटाचा प्रवास लिहायला सांगा, नकाशा समोर ठेवून, वाटेत कोण भेटलं, कुठे अडकलं, पुराने परत कसं सोडवलं. पाकिटाला बोलायला लावू नका, नुसतं जाऊ द्या. दुसरं म्हणजे बिस्किटाच्या पुड्यावर कंपनीचा पत्ता छापलेला असतो, त्या पत्त्यावर खरं पत्र लिहून पोस्टात टाकायचं. उत्तर आलं तर वर्गात वाचा, नाही आलं तर परत लिहा, पोरांना चिवटपणा आवडतो.

आणि शेवटी 'आपण सर्वांनी' लिहिलं की तेवढी ओळ खोडायची, हा नियमच करा. हां, काही मुलांना आत्मवृत्त छान जमतं, त्यांना अडवू नका. सहलीला किनाऱ्यावर नेलंत तर ओहोटीची वेळ बघून न्या आणि सुया-काचांना कोणी हात लावणार नाही हे पाहा. आम्ही कोळी काही धुतल्या तांदळासारखे आहोत असंही नाही, फाटकं नायलॉनचं जाळं सुटून जातं तेही प्लास्टिकच. पण ते आमच्या पोराने स्वतःहून लिहिलं होतं, स्पर्धेत दुसऱ्या कोणी स्वतःच्या घराबद्दल एक ओळ लिहिली होती का?

परीक्षक ठेवायचाच असेल तर निवडायला बसणाऱ्या एखाद्या बाईला फोन लावून निबंध वाचून दाखवा, वहिनी तयार आहे, फक्त दुपारनंतर करा. साहित्यवाले सर बोलावू नका.