पावसाळ्यात घोडीच्या पाठीवर गोल डाग पडून केस निघतायत, हे गजकर्णच आहे का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतचा तबेला, सात वर्षांची कुमैत घोडी, जुलैच्या अखेरीपासून पाठीवर आणि पुठ्ठ्यावर रुपयाएवढे डाग, केस झुपक्यांनी निघतात, खाज फारशी नाही. घोडीची निगा राखणारा मोतद्दार गजकर्ण म्हणतो, पण दहा दिवस बुरशीचं मलम लावूनही उतार नाही.

या वर्णनावरून मला हे गजकर्ण वाटत नाही. घोड्याच्या कातडीवरचे अनेक आजार गोल डागानेच सुरू होतात, त्यामुळे आकारावर जाऊ नका. डाग अंगावर नेमका कुठे आहे आणि केस कसा सुटतो, हे पाहा.

पहिलं काम म्हणजे मलम बंद. त्यावर आणखी काही लावण्याआधी नमुना घ्यायचा आहे. ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलंय का तेही वाचा. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या अनेक मिश्र मलमांत ही स्टेरॉइडं असतात. त्याने लाली तेवढी दबते, आजार आतून पसरत राहतो, आणि नंतर डॉक्टरांनाही डागाचं खरं रूप दिसत नाही.

मग दिवसाउजेडी घोडीच्या पाठीवर केसांच्या उलट दिशेने हात फिरवा. बारीक खडे लागतायत का? चिमटीत एक झुपका धरून अलगद ओढा. मुळाशी खपली चिकटून, रंगाच्या ब्रशासारखा अख्खा झुपका हातात आला आणि खाली ओलसर गुलाबी कातडी किंवा पिवळसर पू दिसला, तर हा डर्माटोफिलस काँगोलेन्सिस नावाच्या जीवाणूचा आजार. इंग्रजीत त्याला रेन रॉट म्हणतात. हा जीवाणू आहे, बुरशी नव्हे, म्हणूनच नुसत्या बुरशीच्या औषधाला दाद देत नाही. कातडी सतत भिजून मऊ झाली, त्यात माशीच्या चाव्याने किंवा जोरात केलेल्या खराऱ्याने ओरखडा पडला, की तो आत शिरतो. पाणी जिथून ओघळतं तिथे, म्हणजे कणा, पुठ्ठा आणि खुरांच्या वरचा मागचा खळगा, इथे तो पहिला दिसतो. तुमच्या घोडीचे डाग नेमके अशाच जागी आहेत.

गजकर्णाची तऱ्हा वेगळी. तंगाखाली (खोगीर आवळायच्या पट्ट्याखाली), खोगिराच्या कडेला, खांद्यावर, तोंडावर लगामाचे पट्टे घासतात तिथे ते सुरू होतं. केस मुळातून न येता तुटतात, खुंट राहतात, वर राखेसारखा कोंडा असतो आणि डाग कडेने वाढत जातो. तोच तंग आणि तोच ब्रश वापरलेल्या दुसऱ्या घोड्यालाही एक ते चार आठवड्यांत डाग येतात. मोतद्दाराच्या हातावर खाजरे गोल चट्टे उठले असतील तर गजकर्णाचा संशय बळावतो. पण रेन रॉटही क्वचित माणसाला लागतो, म्हणून दोन्हींत हातमोजे घालाच.

खात्री सूक्ष्मदर्शकाखाली होते. दोन-तीन ताज्या खपल्या केसांसकट काढा आणि कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत दमटपणाने भलतीच बुरशी उगवते आणि नमुना वाया जातो. गजकर्णासाठी डागाची कड स्पिरिटने पुसून, वाळू देऊन, कडेचेच केस उपटा. मधले नकोत, तिथे बुरशी बहुधा मेलेली असते. खपली पाण्याच्या थेंबात भिजवून, कुस्करून गिम्सा रंग दिला की हा जीवाणू रेल्वेच्या रुळांसारख्या समांतर ओळींत दिसतो, आणि ते काम एका दिवसाचं आहे. बुरशीच्या कल्चरला दोन-तीन आठवडे धरा. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात आधी फोन करून विचारा. पाकीट ठाण्याहून लोकलने नेता येतं, घोडी ट्रकमध्ये चढवायची गरज नाही.

रेन रॉट निघाला तर उपचार सोपा, पण चिकाटीचा आहे. ४ टक्के क्लोरहेक्सिडिन स्क्रबात तेवढंच पाणी घालून २ टक्के करा. डागांवर फेस करून १० मिनिटं घड्याळ लावून ठेवा, मग धुऊन टाका. मऊ झालेल्या खपल्या जेवढ्या आपोआप सुटतील तेवढ्याच काढा. कोरड्या खरवडल्या तर रक्त येतं, घोडीला दुखतं, आणि पुढच्या वेळी ती हात लावू देत नाही. काढलेल्या खपल्या जाळा, कारण जीवाणू त्यांत अनेक महिने टिकतो. पहिले पाच दिवस रोज, नंतर आठवड्यातून दोनदा. मात्र धुतल्यावर अंग पूर्ण कोरडं झालं नाही तर न धुतलेलं बरं. ऑगस्टात ठाण्याला उन्हाचा भरवसा नाही, तेव्हा सुती टॉवेल आणि मोठा पंखा लावा. ओल्या अंगावर झूल कधीच घालू नका. जळकं ऑइल, एरंडेल, जाड मलम यांनीही ओल आत कोंडते आणि आजार वाढतो. ताप आला, पाय सुजले किंवा डाग पसरत गेले तर पेनिसिलिन लागतं, आणि ते पशुवैद्यानेच द्यायचं. प्रोकेन पेनिसिलिन चुकून शिरेत गेलं तर घोडा बेफाम उधळतो, माणूसही चिरडला जाऊ शकतो.

गजकर्ण निघालं तर औषधाइतकंच सामान महत्त्वाचं. त्या घोडीचा खरारा, तंग, झूल वेगळी ठेवा आणि ब्रश एक भाग घरगुती ब्लीच व दहा भाग पाण्यात बुडवा. आजार दीड ते तीन महिन्यांत बहुधा आपोआप ओसरतो. औषध मुख्यतः तो पसरू नये म्हणून.

आयाळ आणि शेपटीचं मूळ घासून उघडं पडलं असेल तर चिलटं समजा. ओल्या लिदीच्या चिखलात ती वाढतात, पहाटे आणि तिन्हीसांजेला चावतात. उडण्यात ती दुबळी असल्यामुळे साधा पंखाही त्यांना हटवतो. तासाभरात उठलेल्या, बोटाने दाबल्यावर खळगा पडणाऱ्या गाठी म्हणजे ॲलर्जीने उठणाऱ्या गांधी. गेल्या दोन दिवसांत चंदी (दाणा) किंवा औषध बदललं का ते आठवा. खोगिराखाली पांढरे केस आले असतील तर तो जुन्या दाबाचा डाग, रंग परत येत नाही. अर्धा तास फिरवून खोगीर उतरवा. भोवती घाम आणि मधेच कोरडा ठिपका दिसला, तर तिथे खोगीर टोचतंय. महिनोन्महिने तसाच राहिलेला, कोंडा नसलेला टक्कल पडल्यासारखा गोल भाग सारकॉईड, म्हणजे घोड्याच्या कातडीतला एक प्रकारचा ट्यूमर, असू शकतो. तो खरवडू किंवा डागू नका, चिडला की गाठीसारखा वाढतो.

दोन गोष्टींत मात्र एक दिवसही थांबू नका. साचलेल्या पाण्यात उभ्या राहणाऱ्या घोड्याच्या पायावर किंवा पोटावर झपाट्याने वाढणारी, अतिशय खाजरी, आतून पिवळे कंकर निघणारी जखम म्हणजे पिथिओसिस. आपल्याकडे अशा न भरणाऱ्या पावसाळी जखमांना ‘बरसाती’ म्हणतात, आणि इंग्रजी पशुवैद्यकात ‘बरसाती’ आणि ‘कंकर’ हे दोन्ही शब्द इथूनच गेले. ती लवकर कापून काढली तरच आशा असते.

दुसरी ग्लँडर्स. मागच्या पायाच्या आतल्या बाजूला दोरीत ओवल्यासारख्या गाठी, त्या फुटून मधासारखा चिकट स्राव, शिवाय नाकातून घट्ट शेंबूड. हा माणसाला होतो आणि जीव घेतो. २००६ मध्ये महाराष्ट्रात त्याचा उद्रेक झाला होता. २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार कळवणं बंधनकारक आहे. गाठीला हात न लावता घोडी वेगळी बांधा आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. रक्ताचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासला जातो.

तुमच्या वर्णनात यातलं काही नाही. तरी आज मागच्या पायांची आतली बाजू एकदा पाहून घ्या, आणि पाठीवरच्या तीन डागांचा रुपया शेजारी धरून फोटो काढा. तोच फोटो चार दिवसांनी पुन्हा काढलात की डाग वाढतोय की थांबलाय ते मोजता येईल.