नेत्याच्या शब्दांचा हाताखालच्या लोकांवर खरंच परिणाम होतो का?

होतो, आणि तो सगळ्यात आधी दिसतो तो चूक घडल्यावर. प्रमुखाने "हे कोणी केलं?" असं दरडावून विचारलं की माणसं खाली मान घालतात आणि पुढच्या वेळी चूक दडपून ठेवतात. "नेमकं कुठे अडलं?" असं विचारलं, तर तीच माणसं स्वतःहून बोलू लागतात. मला हा फरक फार मोलाचा वाटतो.

याचा अर्थ नुसतं गोड बोलावं असा मात्र नाही. दुसऱ्या महायुद्धात, १३ मे १९४० रोजी, ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांनी ब्रिटिश संसदेत सांगितलं, की रक्त, कष्ट, अश्रू आणि घाम याखेरीज आपल्याकडे देण्यासारखं काही नाही. खोटा धीर दिला नाही, तरी लोक खचले नाहीत. म्हणून संकटात आधी वाईट बातमी स्पष्ट सांगा, मग लगेच कोणी काय करायचं तेही.