वाचकांचे प्रश्न : इंग्रजी वाक्प्रचारांचा अर्थ आणि वापर

प्रश्न : परीक्षेसाठी इंग्रजी वाक्प्रचार अर्थासह पाठ केले. 'किक द बकेट' म्हणजे मरण पावणे, असे यादीत होते. सहकाऱ्याच्या वडिलांच्या निधनानंतर शोकसंदेशात तो लिहिणार होतो, पण मित्राने अडवले. अर्थ बरोबर असताना बिघडले कुठे?

उत्तर : मित्राने वेळीच अडवले, हे बरे झाले. 'आपले वडील गचकल्याचे कळून दुःख झाले' असे मराठीत कोणी लिहील का? 'किक द बकेट'चा बाज नेमका तसाच, थट्टेखोर आणि काहीसा उर्मट आहे. शोकसंदेशात 'पास अवे' हेच योग्य. पाठांतराच्या यादीत अर्थ मिळतो, परंतु तो प्रयोग कोणासमोर करावा आणि कोणासमोर टाळावा, हे तिथे क्वचितच दिलेले असते. आणि फजिती होते ती बहुधा इथेच. 'अंडर द वेदर'चेही तसेच आहे. सर्दी-पडसे झाले, अंगात कसकस आहे, एवढ्यापुरताच तो शोभतो. अतिदक्षता विभागात असलेल्या रुग्णाविषयी तो वापरला, तर ऐकणाऱ्याला आपण दुखणे हसण्यावारी नेतो आहोत असे वाटेल.

आणखी एक पथ्य पाळावे. असे प्रयोग बहुधा ठरलेल्या रूपातच चालतात. 'द बकेट वॉज किक्ड' अशी कर्मणी रचना केली, की मरणाचा अर्थ गळून पडतो आणि कोणीतरी खरोखरच बादलीला लाथ मारल्याचे चित्र उभे राहते. उलट गुपित फोडणे या अर्थाचा 'स्पिल द बीन्स' कर्मणीतही खपून जातो. याला पक्का नियम नाही. वाचनानेच कान तयार होतो.

प्रश्न : 'पुल समवन्स लेग' म्हणजे पाय ओढणेच ना?

उत्तर : मुळीच नाही. मराठीत पाय ओढणारा दुसऱ्याची प्रगती रोखतो, तर इंग्रजीत तो निव्वळ फिरकी घेतो.

प्रश्न : 'टर्न अ ब्लाइंड आय' कधी वापरावा? त्याचा ब्रिटिश नौसेनानी नेल्सनशी संबंध आहे का?

उत्तर : तो किस्सा प्रसिद्ध आहे. १८०१ मध्ये कोपनहेगनच्या लढाईत वरिष्ठ सेनानी हाइड पार्कर यांनी लढाई थांबवण्याचा निशाण-संकेत दिला, तेव्हा नेल्सन यांनी दुर्बीण आपल्या दृष्टी गेलेल्या उजव्या डोळ्याला लावली आणि संकेत दिसत नसल्याचे सांगून लढाई चालू ठेवली, असे सांगतात. वापराच्या दृष्टीने या किश्शातली खरी गोम अशी, की संकेत दिल्याचे त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून नजरचुकीने राहून गेलेल्या गोष्टीला हा प्रयोग लागू पडत नाही. दोन कर्मचारी रोज उशिरा येतात हे माहीत असूनही साहेब काही बोलत नसतील, तर तो 'ब्लाइंड आय'. साहेबांना पत्ताच नसेल, तर नव्हे. आपला 'कानाडोळा करणे' इथे चपखल बसतो. वाक्यात मात्र 'आय'नंतर 'टू' हे शब्दयोगी घालून मग दुर्लक्षित गोष्टीचे नाव घ्यावे. अनेकांच्या लिखाणात तिथे 'ऑन' पडलेले दिसते, ते टाळावे.