ट्रायल कोर्टातला एक जज एवढं काय करू शकतो? फ्रँक जॉन्सन यांच्याबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न: अमेरिकेतला फेडरल, म्हणजे केंद्राच्या कोर्टातला, ट्रायल जज म्हणजे आपल्याकडचा जिल्हा न्यायाधीशच ना?

खटला पहिल्यांदा त्याच्यापुढे उभा राहतो, तेवढ्यापुरतं हो. पण त्याला राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मंजुरी देतं आणि मग पद तहहयात. आयझेनहॉवरनी १९५५ मध्ये जॉन्सनना अलाबामात, माँटगोमेरीला नेमलं तेव्हा ते फक्त ३७ वर्षांचे होते. आणि हे तहहयात पद फार मोलाचं, कारण तिथल्या राज्याच्या कोर्टातल्या जजना निवडणूक लढवावी लागायची, मग गोऱ्या मतदारांना दुखवणार कोण?

प्रश्न: बसमध्ये गोऱ्या माणसाला जागा द्यायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्सची केस त्यांच्याचकडे होती का?

नाही, ती राज्याच्या कोर्टात होती. बसमधला वर्णभेद मोडला तो ब्राउडर विरुद्ध गेल या वेगळ्या केसने, त्यात क्लॉडेट कॉल्विनसारख्या, बसमधल्या वर्णभेदाचा त्रास सोसलेल्या काळ्या मुली-बायका फिर्यादी म्हणून पुढे आल्या होत्या. तीन जजांपुढे सुनावणी झाली, जून १९५६ मध्ये २-१ असा निकाल लागला, आणि त्या दोनातले एक जॉन्सन.

प्रश्न: मग काळ्यांच्या मतदानहक्कासाठी सेल्मा ते माँटगोमेरी निघालेल्या मोर्चाला त्यांनीच आधी मनाई कशी केली?

खूप जणांना हे खटकतं. ७ मार्च १९६५ ला सेल्माच्या पुलावर पोलिसांनी मोर्चेकऱ्यांना बेदम मारलं, लगेच परत निघायचं ठरलं, तर जॉन्सन म्हणाले आधी सुनावणी होऊ द्या, तोवर थांबा. मला विचाराल तर ट्रायल जजचं खरं काम हेच, समोर पुरावा यायला हवा. त्यांनी साक्षी घेतल्या, मारहाणीची फिल्म कोर्टात लावून बघितली आणि १७ मार्चला मोर्चाला परवानगी दिली, ती पण अगदी बारकाव्यासकट, हायवे ८० जिथे दोन लेनचा होतो तिथे ३०० पेक्षा जास्त माणसं चालायची नाहीत वगैरे. झालेला अन्याय जेवढा मोठा तेवढा निषेधाचा हक्कही मोठा, असा त्यांचा मुद्दा होता. अपिलात वरचं कोर्ट काय बघतं, तर खाली तयार झालेला हा रेकॉर्डच, म्हणून तो असा भक्कम लागतो.

प्रश्न: निकाल दिला की जजचं काम संपलं ना?

कधीकधी तिथूनच सुरू होतं. टस्कलूसाच्या ब्राइस मनोरुग्णालयात हजारो पेशंट नुसते कोंडून ठेवलेले होते, सरकारने कर्मचारी कमी केले त्यावरून १९७० मध्ये केस सुरू झाली. जॉन्सननी सांगितलं की उपचाराच्या नावाखाली माणसाला बळजबरीने ठेवता तर उपचार मिळणं हा त्याचा हक्क आहे. १९७२ मध्ये स्टाफ किती, खोल्या कशा, हे सगळं ठरवून दिलं, आणि ती केस संपली थेट २००३ मध्ये!

प्रश्न: घरच्यांना त्रास झाला का?

झाला. घरापुढे क्रॉस जाळला (ही गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांची धमकी द्यायची रीत), १९६७ मध्ये त्यांच्या आईच्या घरी बॉम्बस्फोट झाला, सुदैवाने आई वाचल्या. लॉ कॉलेजचेच दोस्त जॉर्ज वॉलेस पुढे अलाबामाचे गव्हर्नर, म्हणजे राज्याचे प्रमुख, झाले आणि भाषणांतून त्यांच्यावर तुटून पडायचे. तरी जॉन्सन १९७९ मध्ये अपील कोर्टात जाईपर्यंत माँटगोमेरीतच खटले चालवत राहिले.