वाचक विचारतात: अमेरिकेतल्या एका मताचं वजन किती?

प्रश्न : अमेरिकन माणूस आपल्या देशाला जगातली सर्वांत मोकळी लोकशाही मानतो. हे खरं आहे का? एका वाक्यात सांगा.

उत्तर : एका वाक्यात जमणार नाही, दोन लागतील. बोलण्याच्या बाबतीत त्याचा समज बराचसा खरा आहे. राज्यकर्ते निवडण्याच्या बाबतीत मात्र त्याला वाटतं तेवढं त्याच्या हातात नाही.

आधी बोलण्याबद्दल. १९६४च्या सलिव्हन खटल्यापासून सरकारी पदाधिकाऱ्याला बदनामीची भरपाई हवी असेल, तर लिहिणाऱ्यानं खोटं जाणूनबुजून किंवा खऱ्याखोट्याची पर्वा न करता छापलं, हे सिद्ध करावं लागतं. १९६९च्या ब्रँडेनबर्ग निकालानं ठरवलं, की लगेच बेकायदा कृत्य घडवून आणण्याचा हेतू आणि ते घडण्याची शक्यता, ही दोन्ही असल्याशिवाय चिथावणीखोर भाषणालाही शिक्षा करता येत नाही. १९८९मध्ये राष्ट्रध्वज जाळणंसुद्धा अभिव्यक्तीत धरलं गेलं. इतकी मोकळीक फार थोड्या देशांत मिळते.

पण बोलण्याचं स्वातंत्र्य देणारी पहिली घटनादुरुस्ती हात बांधते ते सरकारचे. खासगी कंपनीनं एखाद्या पोस्टवरून नोकरीवरून काढलं, तर ही दुरुस्ती कामाला येत नाही. आणि व्हिसावर राहणाऱ्यांनी स्वतःला नागरिकांइतकं सुरक्षित समजू नये. २०२५मध्ये पॅलेस्टाइनच्या बाजूनं बोलणाऱ्या काही परदेशी विद्यार्थ्यांना ताब्यात घेऊन हद्दपारीची कारवाई सुरू झाली.

प्रश्न : जास्त मतं मिळूनही उमेदवार अध्यक्षपदाची निवडणूक हरतो, हे कसं?

उत्तर : कारण मतदार थेट अध्यक्ष निवडतच नाही. तो आपल्या राज्याचे निर्वाचक निवडतो आणि ते अध्यक्ष निवडतात. एकूण निर्वाचक ५३८ : प्रतिनिधिगृहाच्या ४३५ जागांइतके, सिनेटच्या १०० जागांइतके आणि राजधानी वॉशिंग्टनचे ३. जिंकायला २७० लागतात. मेन आणि नेब्रास्का सोडले तर प्रत्येक राज्यात ज्याला एक मत जास्त, त्याला राज्याचे सगळे निर्वाचक मिळतात. त्यामुळे कॅलिफोर्नियात ४० लाख मतांनी जिंका किंवा चारशेनी, हाती तेवढंच पडतं.

२०१६मध्ये हिलरी क्लिंटन यांना सुमारे २९ लाख मतं जास्त होती, तरी त्या हरल्या. पण ही यंत्रणा किती बारीक धाग्यावर लोंबकळते ते पाहायचं, तर २०००ची फ्लोरिडा पाहावी. देशभरात अल गोर पाच लाखांहून जास्त मतांनी पुढे होते. फ्लोरिडात सुमारे ६० लाख मतं पडली आणि जॉर्ज बुश ५३७नी जिंकले. तिथल्या पाम बीच काउंटीची मतपत्रिका पुस्तकासारखी दोन पानी होती. नावं दोन्ही बाजूंना आणि छिद्रं पाडायची रांग मधोमध. गोर यांचं नाव डावीकडे दुसरं, पण त्यांचं छिद्र तिसरं. दुसरं छिद्र उजवीकडच्या पॅट ब्युकॅनन या तिसऱ्याच पक्षाच्या उमेदवाराचं. त्या काउंटीत १९ हजारांवर मतपत्रिकांवर एकापेक्षा जास्त छिद्रं पडली आणि त्या बाद झाल्या. मांडणीतली ही चूक कुणी मुद्दाम केली नव्हती. अक्षरं मोठी दिसावीत, वयस्कर मतदारांना वाचता यावीत, म्हणून नावं दोन पानांवर पसरली होती. शेवटी १२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं फेरमोजणी कायमची थांबली.

सिनेटमध्ये तफावत याहून मोठी आहे. २०२०च्या जनगणनेत कॅलिफोर्नियाची लोकसंख्या ३ कोटी ९५ लाख, वायोमिंगची पावणेसहा लाखांच्या आसपास. दोघांनाही दोन-दोनच सिनेटर. त्यात बहुतेक विधेयकांवरची चर्चा संपवून मतदान घ्यायला १००पैकी ६० मतं लागतात. प्रत्येक राज्याला सारखेच सिनेटर ही राज्यघटना लिहिताना लहान राज्यांना सोबत ठेवण्यासाठी केलेली तडजोड होती, हे मान्य. पण तेव्हा राज्यांमधलं अंतर एवढं नव्हतं.

प्रश्न : ‘गेरीमँडरिंग’ हा शब्द सारखा कानावर येतो. नकाशा बदलून निकाल कसा बदलतो? आकड्यांत समजावून सांगाल का?

उत्तर : जरूर, कारण हे आकड्यांतच नीट कळतं. समजा ५० मतदार आहेत, ३० निळ्या पक्षाचे आणि २० लाल पक्षाचे. दहा-दहांचे पाच मतदारसंघ करायचे आहेत.

नकाशा निळ्यांच्या हाती असेल, तर ते प्रत्येक मतदारसंघात ६ निळे आणि ४ लाल बसवतील. पाचही जागा निळ्या. आता पेन्सिल लालांच्या हाती द्या. ते दोन मतदारसंघांत ९ निळे आणि १ लाल कोंबतील. उरले १२ निळे आणि १८ लाल. उरलेल्या तिन्ही मतदारसंघांत ४ निळे, ६ लाल. लाल पक्ष ३-२ने जिंकला. एकाही मतदारानं मत बदललेलं नाही. विरोधकांना एका जागी कोंबणं आणि उरलेल्यांना पातळ पसरवणं, सगळी करामत एवढीच. १८१२मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी मंजूर केलेला एक मतदारसंघ सॅलॅमँडर या प्राण्यासारखा दिसला, त्यावरून हा शब्द आला. तेव्हा हे काम अंदाजानं व्हायचं. आज संगणकावर गल्लीगणिक मतदानाचा इतिहास समोर ठेवून होतं.

प्रत्यक्षातलं उदाहरण विस्कॉन्सिनचं घ्या. २०१८मध्ये तिथल्या विधानसभेसाठी डेमोक्रॅट उमेदवारांना मिळून सुमारे ५३ टक्के मतं पडली आणि जागा मिळाल्या ९९पैकी ३६. अनेक ठिकाणी त्यांच्यासमोर उमेदवारच नव्हता, म्हणून तो ५३चा आकडा थोडा फुगलेला आहे. शिवाय डेमोक्रॅट मतदार मिल्वॉकी आणि मॅडिसन या दोन शहरांत दाटीनं राहतात, म्हणजे त्यांची थोडी कोंडी नकाशाशिवायही होते. हे सगळं वजा केलं तरी नकाशाचा हात लपत नाही. २०२३च्या डिसेंबरमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं त्याच धर्तीवर २०२२मध्ये आलेला नकाशा रद्द केला, आणि २०२४मध्ये नव्या नकाशावर त्याच पक्षाला ४५ जागा मिळाल्या.

मग संघराज्याची न्यायालयं काय करतात? पक्षीय फायद्यासाठी काढलेल्या नकाशात हात घालणं आपलं काम नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं. आमच्या मते अलीकडच्या काळातला हा फार नुकसान करणारा निकाल आहे. त्याचं फळ २०२५मध्ये दिसलं. नकाशे एरवी ज्या दहा वर्षांनी होणाऱ्या जनगणनेनंतर काढतात, तिची वाट न पाहता टेक्सासनं रिपब्लिकन पक्षाला सोयीचा नकाशा काढला आणि कॅलिफोर्नियानं त्याला उत्तर म्हणून लोकांचा कौल घेऊन डेमोक्रॅटांच्या सोयीचा.

प्रश्न : निवडणुकीत पैशाला काही मर्यादा आहे की नाही?

उत्तर : उमेदवाराला थेट देण्यावर आहे. २०२५-२६साठी एका व्यक्तीनं एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी ३,५०० डॉलरच द्यायचे. पण २०१०च्या ‘सिटिझन्स युनायटेड’ निकालानंतर आणि त्यापाठोपाठच्या दुसऱ्या एका निकालानं ‘सुपर पॅक’ नावाच्या समित्या उभ्या राहिल्या. त्यांना कितीही पैसा घेता येतो आणि खर्चता येतो. मुख्य अट एवढीच, उमेदवाराशी संगनमत करायचं नाही, आणि ती पाळली जाते का हे पाहणारा आयोग अनेकदा तीन-तीनच्या बरोबरीत अडकत आला. २०२४मध्ये इलॉन मस्क यांनी एकट्यानं २५ कोटी डॉलरहून जास्त खर्च केला. साडेतीन हजारांची मर्यादा कुणासाठी उरली, ते यावरून दिसतं.

प्रश्न : नागरिक असूनही मत देता येत नाही, अशी माणसं आहेत का?

उत्तर : आहेत. अमेरिकेच्या ताब्यातल्या, पण राज्य नसलेल्या पोर्टो रिको बेटाचे तीस लाखांवर रहिवासी १९१७पासून अमेरिकन नागरिक आहेत, पण तिथं राहून अध्यक्षासाठी मत देता येत नाही. राजधानी वॉशिंग्टनच्या लोकांना ते १९६१च्या दुरुस्तीनं मिळालं, मात्र सिनेटमध्ये त्यांचा कुणीच नाही. त्यांच्या गाड्यांच्या पाट्यांवर ‘प्रतिनिधित्वाविना कर बंद करा’ अशा अर्थाचं वाक्य असतं.

शिक्षा भोगलेल्यांचं दुखणं वेगळंच. २०१८मध्ये फ्लोरिडाच्या ६४ टक्क्यांहून जास्त मतदारांनी बहुतेक माजी कैद्यांना मताधिकार परत दिला. पुढच्याच वर्षी विधिमंडळानं अट घातली, की आधी दंड आणि न्यायालयीन शुल्क चुकतं करा. किती देणं आहे हे एका जागी सांगणारी नोंदच तेव्हा राज्याकडे नव्हती.

आणि यादीतून गळणारे. ओहायोमध्ये दोन वर्षं मत दिलं नाही की घरी एक कार्ड येतं. ते परत पाठवलं नाही आणि पुढची चार वर्षंही मत दिलं नाही, तर नाव यादीतून जातं. २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही पद्धत ५-४नं ग्राह्य धरली. जाहिरातींच्या गठ्ठ्यात आलेलं एक कार्ड किती जण बारकाईनं वाचतात?

प्रश्न : आमची मुलगी न्यू जर्सीत आहे, नुकतीच नागरिक झाली. जावयांकडे अजून ग्रीन कार्डच आहे. मतदानासाठी तिनं काय करायचं?

उत्तर : जावयांपासून सुरुवात करू, कारण तिथली चूक महागात पडते. वाहन परवान्याच्या कार्यालयात मतदार नोंदणीबद्दल विचारलं जातं. ग्रीन कार्ड असताना चुकूनसुद्धा होकार देऊ नये. नागरिक नसताना नोंदणी किंवा मतदान केलं, तर पुढे नागरिकत्व अडू शकतं, हद्दपारीपर्यंत गोष्ट जाऊ शकते.

मुलीनं शपथ झाल्यावर आधी सोशल सिक्युरिटी कार्यालयात आणि वाहन परवान्याच्या नोंदीत नागरिकत्वाचा बदल करून घ्यावा. जुन्या नोंदी तशाच राहिल्या की काय होतं ते टेक्सासमध्ये २०१९ला दिसलं. परवान्याच्या जुन्या नोंदींवरून सुमारे ९५ हजार मतदारांवर संशय घेतला गेला आणि त्यातले हजारो जण रीतसर नागरिक झालेले निघाले.

मग नोंदणी. न्यू जर्सीत ती निवडणुकीच्या किमान २१ दिवस आधी व्हावी लागते. अर्जात परवान्याचा क्रमांक किंवा सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे लागतात. आपल्याकडे नावाच्या मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. ते एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, असं ठेवू नये. सहीचंही तसंच. टपालानं मत देताना लिफाफ्यावरची सही नोंदीतल्या सहीशी ताडून पाहतात. नोंदणीच्या वेळी मराठीत सही केली असेल, तर तिथंही मराठीतच करावी. आतल्या लिफाफ्याला जोडलेलं प्रमाणपत्र फाडून वेगळं करू नये, नाहीतर मत बाद होऊ शकतं. सही जुळली नाही असं पत्र आलं, तर मुदतीत उत्तर द्यावं, चूक दुरुस्त करता येते.

जूनमधली प्राथमिक निवडणूक, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, चुकवू नये. वर सांगितलेल्या एकतर्फी मतदारसंघांत खरी निवड तिथंच होते. पक्षाशी नाव न जोडलेल्या मतदाराला त्या दिवशी केंद्रावर पक्ष निवडता येतो, पण एका पक्षातून दुसऱ्यात जायचं असेल तर ५५ दिवस आधी कळवावं लागतं.

केंद्र सकाळी ६ ते रात्री ८ उघडं असतं. आठला रांगेत असेल त्याला मत देता येतं. यादीत नाव सापडलं नाही, तर परत फिरू नये, तात्पुरती मतपत्रिका मागावी. २००२च्या कायद्यानं तो हक्क दिला आहे. पात्रता तपासून ती नंतर मोजली जाते. केंद्रावर मिळालेली माहितीची चिठ्ठी जपून ठेवावी, मत मोजलं गेलं की नाही हे तिच्यावरून विचारता येतं.