तहकूब सभेतली निवड टिकेल का?

प्रश्न : आमच्या जिल्हा रग्बी संघटनेची वार्षिक सर्वसाधारण सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली. अर्ध्या तासाने तीच पुन्हा भरवून कार्यकारिणी निवडली. ती वैध का? – एक सभासद, नाशिक रोड

उत्तर : आधी संघटनेची घटना उघडा. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, असे तिथे लिहिले असेल आणि निवडणूक मूळ विषयपत्रिकेवर असेल, तर निवड टिकते. ‘आयत्या वेळच्या विषयांत’ उरकलेली निवडणूक मात्र सहसा अडचणीत येते.

बहुतेक वाद सभेच्या सूचनेवरून (नोटिशीवरून) होतात. घटनेत सूचनेसाठी 15 स्पष्ट दिवस असतील, तर सूचना मिळाल्याचा आणि सभेचा, दोन्ही दिवस धरू नका : सभा 30 तारखेला असेल, तर सूचना 14 पर्यंत हाती पडायला हवी. नुसता व्हॉट्सॲप संदेश घटनेत बसत नसेल, तर पोचपावती घ्याच.

संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असल्यास निवडीपासून 90 दिवसांत नाशिकच्या धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज (पदाधिकारी बदलल्याची नोंद करण्याचा अर्ज) द्या. सोबत सूचना, पोचपावत्या, सह्यांचे हजेरीपत्रक, इतिवृत्त आणि नव्या पदाधिकाऱ्यांची संमतिपत्रे जोडा. इतिवृत्तात सूचक-अनुमोदकांची नावे हवीतच. ‘सर्वानुमते’ एवढ्यावर भागवू नका.