ढगांआडून उपग्रहाला हिमनदी सरकलेली कशी कळते?

रडारमुळे कळते, साध्या कॅमेऱ्याला ते जमत नाही. सेंटिनेल-१ या उपग्रहाच्या रडारलहरींची लांबी साधारण ५.५ सेंटिमीटर. ढगातले थेंब त्यापुढे अगदीच बारीक, म्हणून लहरी आरपार जातात, रात्रीसुद्धा. मग १२ दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन प्रतिमा जुळवून बर्फातली एखादी भेग किंवा वरचा दगडगोट्यांचा पट्टा किती पुढे गेला ते मोजतात. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या निसार या नासा-इस्रोच्या उपग्रहावर तर २४ सेंटिमीटर लहरींचंही रडार आहे. मात्र वितळून ओला झालेला बर्फ लहरी शोषून घेतो, त्यामुळे ऐन उन्हाळ्यात चित्र काळपट येतं. हिमालयात उभ्या कड्यांमागे रडारची सावली पडते, ती कटकट वेगळीच.